बोलीतील गाण्यांनी गावंढळपणाचा शिक्का पुसता येतो का?

आपण खानदेशातील काही तरुण अहिराणीत गाणी करू इच्छिता, परंतु विनोदी कार्यक्रमांत ही बोली केवळ हशा पिकवण्यासाठी वापरली जाते, हे आपल्याला खुपते. गाण्यांतून आपल्या भागाची संस्कृती मांडता येईल का आणि बोलणाऱ्यावर बसलेला गावंढळपणाचा शिक्का पुसता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, असे मला ठामपणे वाटते. मात्र त्या गाण्यात त्या भागातील माणसाचे काम, त्याची काळजी आणि त्याचा विचार त्याच्याच बोलीत आला पाहिजे. बोली पोशाखासारखी वरून चढवली, तर शिक्का उलट अधिक गडद होतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच भागात आहे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करताना त्यांना सुचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि मावसबंधू यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली, आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ती अहिराणीला जवळच्या असलेल्या लेवा बोलीत आहेत. या गाण्यांनी पूर्वग्रह कसा मोडला, हे नीट पाहण्यासारखे आहे. आमची भाषा थोर आहे, असे बहिणाबाईंनी कोठेही सांगितले नाही. त्यांनी पेरणी, सुगरणीचा खोपा, चूल, माणसाचे मन आणि मरण यांविषयी आपल्या रोजच्या भाषेत विचार केला, आणि ज्या शहरी वाचकाला ही भाषा फार तर बाजारहाटापुरती वाटत होती, त्याला तिच्यात तत्त्वचिंतन सापडले.

दुसरा मार्ग अण्णाभाऊ साठे यांनी दाखवला. लावणी म्हटले की शृंगार, हा समज पक्का असताना त्यांनी मुंबईवर लावणी रचली आणि तिच्यात मलबार हिलचे वैभव व परळच्या कामगाराचे राबणे शेजारीशेजारी उभे केले. तमाशाच्या आरंभीच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन करण्याची रीतही त्यांनी घातली. प्रेक्षकाच्या ओळखीचा ठेका आणि ओळखीची चाल कायम ठेवून आशय बदलल्यामुळे ऐकणारा दुरावला नाही. नवे काही सांगायचे असेल तेव्हा ही युक्ती मला आजही सर्वांत भरवशाची वाटते.

लावणीचाच विषय निघाला आहे म्हणून यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्याविषयी सांगते. नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या कोल्हाटी समाजातील स्त्रीकडे आणि तिच्या कलेकडे पाहण्याची समाजाची नजर कशी होती, हे वेगळे सांगायला नको. यमुनाबाईंनी बैठकीच्या लावणीत बसल्या जागी, एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन, दर वेळी वेगळ्या अदेने तिचा नवा अर्थ उलगडून दाखवला. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. ही कला सवंग आहे, या आक्षेपाला त्यांच्या गाण्याइतके पुरेसे उत्तर एखाद्या भाषणाने दिले असते, असे मला वाटत नाही.

आता ज्याची मला मनापासून चिंता वाटते, ते सांगते. आजकाल अस्मितेची गाणी पुष्कळ येतात. त्यांत आम्ही वाघ, आमचा नाद करू नका, आमच्या मातीची बातच न्यारी, एवढेच असते. अशा गाण्यातून बाहेरच्या माणसाला आपल्याविषयी नवीन काहीही कळत नाही. अडाणी हा शिक्का जाऊन भांडखोर हा शिक्का तेवढा बसतो. त्यापेक्षा कापूस वेचणीच्या दिवसांतील मजुरी, केळीच्या बागेतील उन्हाळा, खानदेशातील कानबाई देवीच्या उत्सवासाठी पुण्या-सुरतेहून घरी येणारी भावंडे यांवर गाणे करावे. उत्सवाचे गाणे आनंदाचेच असावे, पण त्यात माणसे दिसली पाहिजेत.

मी लोकगीतांच्या कार्यक्रमांसाठी संहिता लिहिते आणि निवेदन करते. एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक वयस्कर बाई जात्यावरच्या ओव्या गात होत्या. समोर जाते नव्हते, तरी त्यांचा उजवा हात गोल फिरत होता, आणि ओवीत मध्येमध्ये ‘बाई’, ‘गं’ असे शब्द येत होते. संगीत संयोजकाला ते भरतीचे वाटले, म्हणून ते गाळून ओवी ठेक्यात बसवायला त्याने सांगितले. तेव्हा बाई अडखळू लागल्या आणि चाल हरवली. हाताचा फेरा जेथे पूर्ण होतो, तेथेच ते शब्द पडत होते. शेवटी वाद्ये थांबवली, त्यांना मोकळे गाऊ दिले आणि साथ नंतर बेतली. आपणही बोलीतील उच्चार आणि असे शब्द ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. कळायला अडचण होईल असे वाटले, तर चित्रफितीखाली प्रमाण मराठीत अर्थ द्यावा.

आशयासाठी फार दूर जावे लागणार नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या आहेत आणि ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतील अनेक ओव्या ऐकायला मिळतात. खेड्यातील बाई मुकाट्याने सोसते, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या जरूर ऐकाव्यात: सासरचा जाच, मुलीच्या जन्माचे दुःख मानणारे घर, बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता, हे सारे त्या बायका आपापल्या नावावर स्पष्ट बोलतात.

गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वी ते आपल्या गावातील वडीलधाऱ्या बायकांना आणि शेतमजुरांना ऐकवावे आणि त्यांना खटकलेली ओळ बदलावी. चाल किंवा ओवी ज्या व्यक्तीकडून मिळाली, तिचे नाव तिच्या संमतीने गाण्यासोबत द्यावे आणि मिळकत झाल्यास तिचा वाटा आधीच लेखी ठरवून घ्यावा.