खुनाआधीची शांतता ऐकणारा मुलगा

पत्र थोडक्यात असं: 'माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. भौतिकशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. वर्षभरापासून त्याला जुन्या थरारपटांचं वेड लागलंय. एकच प्रसंग वीस-वीस वेळा बघतो, कधी आवाज बंद करून, तर कधी डोळे मिटून. वहीत काहीतरी लिहीत बसतो. आता म्हणतो, कॉलेज सोडतो, दिग्दर्शक व्हायचंय, चांगला कॅमेरा घेऊन द्या. त्याचे वडील हा विषय काढूच देत नाहीत. मला तर वेगळीच काळजी आहे. रात्रंदिवस खून बघून त्याच्या मनावर परिणाम होत नसेल ना? वहीच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवते. — एक आई'

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी नंतर वाचलं. आधी वहीची ती दोन पानं वाचली आणि तिथंच बराच वेळ थांबले.

पहिल्या पानावर, पक्षी माणसांवर हल्ले करू लागतात त्या हिचकॉकच्या 'द बर्ड्स' (1963) मधला शाळेबाहेरचा प्रसंग आहे. मुलानं पानावर मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने केलेत, डावीकडे 'दिसतं' आणि उजवीकडे 'ऐकू येतं'. डावीकडे जेमतेम चार ओळी आहेत: बाई बाकावर बसते, सिगारेट पेटवते, मागे मुलांच्या खेळण्याचा लोखंडी सांगाडा, त्यावर एक कावळा. उजवा रकाना मात्र तळापर्यंत भरलाय. 'शाळेतून मुलांचं गाणं. बाकी काही नाही. संगीत नाही. कावळे येऊन बसतात तरी पंखांचा आवाज नाही. गाणं फिरून फिरून तिथंच येतं. संपलं की मुलं बाहेर येणार. संपू नये.' शेवटच्या दोन शब्दांखाली त्यानं दोनदा रेघ ओढलीये.

ताई, हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिलाय. बाईच्या पाठीमागे कावळे वाढत जातात, आपल्याला दिसतात आणि तिला दिसत नाहीत, यात ताण आहे हे बहुतेक सगळे सांगतात. शेवटी कॅमेरा बराच वेळ फक्त तिच्यावरच राहतो. मग तिला आकाशात एक कावळा दिसतो, ती त्याच्या मागोमाग नजर फिरवते, आणि तो सांगाडा कावळ्यांनी काळा झालेला असतो. हेही अनेकांच्या लक्षात येतं. पण मुलांचं निरागस गाणं हे इथं घड्याळासारखं चालू आहे, आणि ते थांबण्याची आपल्याला धास्ती वाटते, हे 19 वर्षांच्या मुलानं कुणी न सांगता पकडलंय. या चित्रपटाला रूढ अर्थानं पार्श्वसंगीतच नाही. ऑस्कर साला आणि रेमी गासमन यांनी ट्रॉटोनियम नावाच्या विद्युत वाद्यावर तयार केलेले पक्ष्यांचे आवाज आहेत, बाकी वारा, पावलं, दारं. हिचकॉकच्याच 'सायको'चं संगीत देणारे बर्नार्ड हरमन या चित्रपटाला होते, तेही ध्वनीचे सल्लागार म्हणून. एवढा मोठा संगीतकार हाताशी असताना संगीत वापरायचं नाही, असं ठरवायला फार धीर लागतो.

आता तुमच्या काळजीबद्दल. ती मी अजिबात हलक्यानं घेत नाही. पण पानं पुन्हा एकदा वाचून बघा. दोन्ही पानांवर खुनाची एकही ओळ नाही. खून व्हायच्या आधी काय काय होतं, त्यातच तो गुंतलाय. जुन्या थरारपटांचं सगळं कसब तिथंच होतं. फ्रिट्झ लांगचा 'एम' (1931) घ्या. एक आई जेवणाचं ताट मांडून मुलीची वाट बघते. हाका मारते. पडद्यावर रिकामा जिना दिसतो, रिकामा माळा, रिकामं ताट, आणि त्यावर फक्त आईची हाक ऐकू येते. मग झुडपातून एक चेंडू घरंगळत येतो आणि एक फुगा तारांत अडकतो. संपलं. मुलीला इजा होताना दिसत नाही, आवाज येत नाही, आणि तरी नव्वद वर्षांनंतरही तो प्रसंग बघताना पोटात गोळा येतो. हा लांगचा पहिला बोलपट. चित्रपटाला आवाज फुटून काही वर्षंच झाली होती आणि या माणसानं आवाजाचा वापर केला तो जागा रिकामी आहे हे सांगण्यासाठी. त्यातला खुनी एक धून शिट्टीवर वाजवतो, आणि शेवटी त्याला ओळखतो तो एक आंधळा फुगेवाला, कारण त्यानं ती शिट्टी आधी ऐकलेली असते. अशा गोष्टींवर विचार करणाऱ्या मुलाचं मन क्रूर होत चाललंय असं मला वाटत नाही. मात्र तो जेवतखात नसेल, झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल, तर ती गोष्ट वेगळी. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तसं नसावं असं मी धरते.

दुसऱ्या पानावर 'जॉज' (1975) आहे. शार्क जवळ येतोय हे सांगणारे जॉन विल्यम्स यांचे ते दोन सूर आता सगळ्या जगाला पाठ आहेत. यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्ग यांना तो फार दाखवता आला नाही आणि त्या सुरांनीच माशाची जागा घेतली, हेही सर्वश्रुत आहे. तुमच्या मुलानं लिहिलंय ते असं: 'दोन पोरं शार्कचा खोटा पर लावून पोहतात तेव्हा सूर वाजत नाहीत. म्हणजे संगीत खोटं बोलत नाही. मग शेवटी शेवटी मासा सुरांशिवायच अचानक वर येतो. आता कुणावर विश्वास ठेवायचा?'

हा प्रश्न ध्वनीच्या माणसाला पडणारा आहे. माझं या पत्रातलं मुख्य म्हणणं तेवढंच आहे. तो दिग्दर्शक होईन म्हणतो कारण चित्रपट म्हटला की बाहेरच्या माणसाला तेवढंच एक नाव ठाऊक असतं. पण त्याची वही सांगते की त्याचा कान तयार होतोय. म्हणून सध्या कॅमेरा घेऊ नका.

कॅमेऱ्याचं काम कमी प्रतीचं आहे असा याचा अर्थ नाही. 'व्हर्टिगो' (1958) मध्ये नायक जिन्यातून खाली बघतो तेव्हा कॅमेरा मागे सरकतो आणि त्याच वेळी भिंग दृश्य जवळ ओढतं. माणूस जागच्या जागी आणि जमीन खोल खोल जाते. त्यासाठी जिन्याची प्रतिकृती आडवी ठेवून चित्रीकरण केलं होतं. 'द थर्ड मॅन' (1949) मधल्या तिरक्या चौकटी आणि ओल्या रस्त्यांवरच्या लांब सावल्या बघून आपलाच तोल गेल्यासारखं होतं, आणि रॉबर्ट क्रास्कर यांना त्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं. मुलाच्या डाव्या रकान्यात असं काही लिहिलेलं असतं तर मी वेगळा सल्ला दिला असता. तिथं चारच ओळी आहेत.

ध्वनीच्या कामाबद्दल घरात सहसा माहिती नसते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. चित्रीकरणाच्या जागी संवाद टिपणारा साउंड रेकॉर्डिस्ट असतो आणि लांब काठीला माइक लावून धरणारा बूम ऑपरेटर. नंतर संवाद साफ करून जुळवणारा डायलॉग एडिटर, पावलं-कपडे-भांडी यांचे आवाज पडद्याकडे बघत पुन्हा निर्माण करणारा फोली आर्टिस्ट, सगळ्या आवाजांचा आराखडा आखणारा साउंड डिझायनर, आणि शेवटी संवाद, संगीत व इतर आवाज यांचं प्रमाण ठरवणारा मिक्सिंग इंजिनिअर. प्रत्येकाचा स्वभाव निराळा लागतो. बूम धरायला ताकद आणि सावधपणा लागतो, संवाद जुळवायला चिकाटी.

एकदा मी एका फोली स्टुडिओत अर्धा दिवस बसले होते. पडद्यावर एक माणूस अंधाऱ्या बोळातून चालत होता. फोलीचं काम करणारी बाई चामडी बूट घालून खडीच्या चौकोनात उभी होती, नजर पडद्यावर. दोनदा चालली, दोन्ही वेळा स्वतःच नाही म्हणाली. मग तिनं टाच आधी टेकवायची सोडून चवडा टेकवला आणि प्रत्येक पावलाआधी किंचित थबकली. पडद्यावरचा तोच माणूस एकदम घाबरलेला वाटायला लागला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, 'भ्यालेला माणूस जमिनीवर पूर्ण भार टाकत नाही.' 'सायको'मधल्या न्हाणीघरातल्या खुनात सुरीचा आवाज म्हणून टरबुजा-खरबुजांवर वार करून बघितले होते आणि त्यातून एका जातीच्या खरबुजाचा आवाज निवडला होता. काम त्याच जातीचं, हाताचं आणि कानाचं.

न्हाणीघराच्या त्याच प्रसंगाबद्दल मुलाला एक गोष्ट जरूर सांगा. हिचकॉक यांना तिथं संगीत नको होतं. हरमन यांनी तरीही लिहिलं, फक्त तंतुवाद्यांवर, आणि ते ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपलं मत बदललं. उलट टोकाचं उदाहरण 'रिफिफी' (1955). त्यात दरोड्याचा सुमारे अर्ध्या तासाचा प्रसंग संवाद आणि संगीताशिवाय चालतो. चोर छताला भोक पाडतात, त्यातून छत्री खाली सोडून उघडतात आणि पडणारा चुना त्या छत्रीत झेलतात, आवाज होऊ नये म्हणून. प्रेक्षागृहात खोकायचीही चोरी. मुलाला हे दोन्ही प्रसंग एका बैठकीत बघायला सांगा आणि एकात संगीत का हवं, दुसऱ्यात का नको, हे एका पानात लिहायला सांगा. आपल्याकडचे 'कानून' (1960) आणि 'इत्तेफाक' (1969) हे गाणी नसलेले चित्रपटही त्याच्या यादीत असू देत. आणि कपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन' (1974) तर त्यानं पहिल्या आठवड्यातच बघावा. चोरून संभाषणं ध्वनिमुद्रित करणाऱ्या माणसाची ही गोष्ट. एकाच वाक्यातल्या कुठल्या शब्दावर जोर पडतो यावर कोण शिकार आणि कोण शिकारी हे उलटतं. त्याचं ध्वनिसंकलन वॉल्टर मर्च यांचं. पुढे 'अपोकॅलिप्स नाऊ' (1979) साठी साउंड डिझायनर असं श्रेय याच माणसाला मिळालं.

पदवी सोडू नये. हे मी घरच्यांना बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. कंपनं, वारंवारता, अनुनाद, परावर्तन हे तो भौतिकशास्त्रात शिकतोय, आणि एखाद्या खोलीत आवाज का घुमतो, खालच्या पट्टीतला आवाज भिंतीपलीकडे का जातो, हे ज्याला समीकरणातून कळतं त्याला माइक कुठं ठेवायचा ते लवकर उमगतं. चित्रपट शिक्षणसंस्थांचे पदव्युत्तर ध्वनी अभ्यासक्रम पदवीनंतरच असतात आणि प्रवेशाला विज्ञानाची पार्श्वभूमी उपयोगी पडते, काही ठिकाणी आवश्यकही असते. छोट्या मुदतीचा खासगी कोर्स घ्यायचाच झाला, तर तीन गोष्टी विचारा: शिकवणारे सध्या कुठल्या चित्रपटावर काम करताहेत, विद्यार्थ्याला स्टुडिओत प्रत्यक्ष किती तास मिळतात, आणि मागच्या तुकडीचं काम ऐकायला मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.

वडिलांची काळजी उत्पन्नाची असणार, आणि ती रास्त आहे. हे काम बहुतांशी कंत्राटी आहे. सुरुवातीची काही वर्षं सहायक म्हणून जातात, कधी महिनाभर रात्रीचा दिवस, कधी दोन महिने हात रिकामे. नाव पडद्यावर येतं तोवर प्रेक्षक उठून गेलेले असतात. ज्याला टाळ्या हव्यात त्यानं इकडे येऊ नये. मात्र हे कौशल्य एकट्या चित्रपटाला बांधलेलं नाही. मालिका, माहितीपट, श्राव्य पुस्तकं, व्हिडिओ गेम, जाहिराती, सगळीकडे आवाज जुळवणारा माणूस लागतो. वडिलांशी बोलताना 'सिनेमा' या शब्दानं सुरुवात करू नका. एका संध्याकाळी तिघं मिळून 'द बर्ड्स'चा तो शाळेबाहेरचा प्रसंग बघा, एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून. मग वहीचं पान त्यांच्या हातात द्या.

मुलासाठी सहा महिन्यांचं काम देते. एक साधा रेकॉर्डर आणि कान झाकणारे बरे हेडफोन एवढं पुरे. पहिला महिना फक्त रिकाम्या खोल्यांची शांतता ध्वनिमुद्रित करायची, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. शांतता कधी एकसारखी नसते हे त्याला हेडफोनमध्ये पहिल्याच आठवड्यात कळेल. मग एकच दार, वीस तऱ्हांनी उघडलेलं: घाईनं, चोरून, रागानं, आत कुणी आहे का हे माहीत नसताना. त्यानंतर मोबाइलवर दोन मिनिटांचा प्रसंग चित्रित करायचा, संवाद नको, संगीत नको, एक माणूस कुणाची तरी वाट बघतोय. त्याचे मूळ आवाज पुसून सगळे आवाज पुन्हा स्वतः तयार करायचे. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे स्थिर चित्रं, असतात. कडीचा आवाज दोन चौकटी आधी आला तर काय वाटतं आणि दोन चौकटी उशिरा आला तर काय वाटतं, हे करून बघावं आणि त्या दोन रकान्यांत लिहावं. हेडफोनचा आवाज फार वाढवू नये, या धंद्यात कान गेला की काम गेलं.

सहा महिन्यांनी हे काम त्याला कंटाळवाणं वाटलं आणि तो पुन्हा कॅमेराच मागायला लागला, तर तेही तितकंच उपयोगी उत्तर असेल. तेव्हा मला लिहा, आपण डाव्या रकान्याचा विचार करू. पण ती वीस दारं झाली की त्यातली त्याला सगळ्यात आवडलेली दोन मला आधी पाठवायला सांगा. कुठलं दार कुठल्या भावनेचं ते त्यानं लिहू नये. ते मी ऐकून ओळखेन.