वाचकांचे प्रश्न : ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले तर

महापालिकांतील कामगार कपातीबद्दल आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या नोकरीच्या काळजीने गाळली आहेत.

आम्ही ४२ जण सहा वर्षे एकाच वॉर्डात झाडलोटीला आणि कचरागाडीवर आहोत. या काळात ठेकेदार दोनदा बदलला, माणसे तीच राहिली. आता मुकादम सांगतो, नवे टेंडर झाडण्याच्या यंत्रांचे आहे, महिनाअखेर निम्मे लोक कमी होणार. लेखी काहीच नाही. आम्ही काय करावे?

लेखी आलेले नाही म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. तो वाया घालवू नका. आदेश निघाल्यावर संघटना दाद मागायला जाते तेव्हा पहिला प्रश्न येतो : हा माणूस इथे कामाला होता कशावरून? हजेरीपट ठेकेदाराकडे असतो आणि वाद सुरू झाला की तो सापडत नाही. म्हणून आधी प्रत्येकाची फाईल तयार करा. तीत ओळखपत्र, आधार, यूएएन (पीएफ खात्याचा कायम क्रमांक) पासबुकाची प्रत, ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) क्रमांक, पगार जमा झाल्याची बँकेची नोंद, हजेरीच्या पानाचे फोटो आणि गाडीवर असाल तर वजनकाट्याच्या पावत्या हव्यात. पीएफच्या पासबुकात कोणत्या महिन्यात कोणत्या ठेकेदाराने भरणा केला ते दिसते. ठेकेदार बदलले तरी काम तेच राहिले, हे दाखवायला तो पुरावा फार उपयोगी पडतो.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे का, हेही पाहा. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवलेल्या प्रकरणात २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला. एवढा मोठा लढा जिंकल्यावरही, कागदांवरची नावे जुळत नाहीत म्हणून अनेकांच्या नेमणुका रखडल्या. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर वडिलांचे नाव गळालेले, असे बायकांच्या बाबतीत जास्त घडते. ही दुरुस्ती आजच करा. निकालानंतर ती दुप्पट जड जाते.

मग दिवस मोजा. कामावरून कमी करण्याच्या तारखेच्या मागच्या १२ महिन्यांत २४० दिवस भरले असतील तर ती सलग एक वर्षाची सेवा धरतात. यात पगारी साप्ताहिक सुट्टी आणि पगारी सणाच्या सुट्ट्याही धरायच्या असतात. बरेच कामगार फक्त झाडू हातात घेतल्याचे दिवस मोजतात आणि आपले २४० भरत नाहीत असे समजून गप्प बसतात.

पुढची पायरी मागणीपत्राची. ते ठेकेदार आणि महापालिका आयुक्त या दोघांच्या नावे लिहा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेले पत्र दिलेच नाही असे समजा. पत्रात तीन गोष्टी असू द्या : कोणालाही कमी करू नये, ज्येष्ठता यादी लावावी, नव्या टेंडरमध्ये सध्याच्याच माणसांना घेण्याची अट घालावी. उत्तर आले नाही किंवा नकार आला तर सहायक कामगार आयुक्तांकडे वाद दाखल करा आणि समेट अधिकाऱ्यांकडून (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारे सरकारी अधिकारी) पहिल्या बैठकीची तारीख लवकर मागून घ्या. समेटाची कारवाई चालू असताना, वादात असलेल्या कामगारांच्या सेवाशर्ती त्या वादाच्या संदर्भात परस्पर बदलता येत नाहीत. गाझियाबाद महापालिकेच्या बागकामगारांना २००५ मध्ये वाद प्रलंबित असतानाच, नोटीस न देता काढले होते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० टक्के मागील वेतनासह परत घ्यायला लावले. काढण्याआधी त्यांचा वाद दाखल होता, ही बाब तिथे मोलाची ठरली.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे टेंडरच्या अटी, कार्यादेश आणि ठेकेदाराच्या बिलांना जोडलेले हजेरीपट यांसाठी तीन वेगळे अर्ज करा. शुल्क प्रत्येकी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ठेकेदाराने लपवलेली हजेरी बिलासोबत पालिकेत जमा झालेली असते. बिल काढायला त्यानेच ती दिलेली असते.

संघटनेची वर्गणी सगळे भरतात, पण सभेला दहा-बारा डोकी येतात. ‘नेते बघतील’ ही वृत्ती कशी मोडायची?

वृत्तीला दोष देण्याआधी सभा कुठे आणि केव्हा होते ते पाहा. पहाटे कामावर आलेल्या आणि दुपारी घरचे काम उरकणाऱ्या बाईला संध्याकाळी सात वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाला बोलावले तर ती येणार नाही. सभा तिच्याकडे न्या. हजेरी चौकीवर पाळी सुटताना १५ मिनिटांची द्वारसभा पुरते. या आठवड्यात काय घडले, आज काय ठरवायचे, कोणी काय कधीपर्यंत करायचे, एवढेच बोला. भाषणे नकोत.

दर दहा-बारा जणांमागे एक प्रतिनिधी असावा. तो निवडताना सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्याला घेण्याची चूक सर्रास होते. पगार कमी आला की चौकीतले लोक कोणाला विचारायला जातात, ते पाहा. तीच व्यक्ती प्रतिनिधी व्हायला हवी, मग ती कधीच भाषण न करणारी का असेना. चौकीवार एक वही ठेवा : नाव, फोन, पाळी, कामाला लागल्याची तारीख आणि त्या व्यक्तीशी शेवटचे कोण बोलले. वहीत ज्या नावासमोर काहीच नाही, तिथे उद्या जायचे.

समोरासमोर बोलताना आधी ऐका. ‘तुमची हजेरी कोण लिहितो? मागच्या महिन्याचा पीएफ जमा झाला का?’ असे विचारले की माणूस मोकळा होतो. शेवटी एकच ठोस काम मागा. ‘साथ द्या’ म्हटल्यावर सगळे मान डोलावतात आणि विसरतात. ‘तुमच्या गल्लीतल्या चौघांच्या पासबुकाच्या प्रती शुक्रवारपर्यंत आणाल का?’ याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. असे छोटे काम पार पाडलेला सभासद पुढच्या सभेला न बोलावता येतो.

ताकद अंदाजाने धरू नका, मोजा. आधी सह्यांचे निवेदन, मग एक दिवस काळ्या फिती, मग वॉर्ड कार्यालयासमोर सुट्टीच्या वेळेत निदर्शने. प्रत्येक वेळी चौकीनिहाय आकडा लिहा. निम्म्यांनीसुद्धा सही केली नसेल तर मोर्चाची हाक देऊ नका. रिकामा मोर्चा प्रशासनाला तुमची खरी संख्या दाखवून देतो. जिथे आकडा पडला तिथे कारण शोधा. बहुधा एखादा मुकादम धमकावत असतो, किंवा जुन्या वर्गणीचा हिशेब न मिळाल्याची नाराजी असते. हिशेबाची नाराजी पैशाची पावती आणि दर तिमाहीला चौकीवर वाचलेला जमाखर्च यानेच जाते.

व्हॉट्सॲप गट निरोपापुरता ठेवा. मोठ्या गटात मुकादमाचा माणूस असतोच, आणि अंगठा दाखवणे म्हणजे सहभाग नव्हे. आयुक्तांच्या भेटीला दोन साधे सभासद प्रत्येक वेळी न्या, दर वेळी वेगळे. आत काय बोलणे झाले ते त्याच दिवशी चौकीवर त्यांनाच सांगू द्या. ‘नेत्यांनी आत मांडवली केली’ ही कुजबुज त्यामुळे उगवतच नाही.

मी कायम कर्मचारी आहे. कंत्राटी लोकांच्या कपातीत आम्ही का पडावे?

कारण कपात तुमच्या खात्यातही चालू असते, फक्त ती दिसत नाही. माणूस निवृत्त होतो, पद रिक्त राहते, काम ठेक्यावर जाते. आपल्या खात्याचा मंजूर आकृतिबंध (किती पदे मंजूर आहेत तो तक्ता) आणि भरलेली पदे मागवून घ्या, म्हणजे फरक कळेल. यंत्रे आणून किंवा कामाची फेररचना करून माणसे कमी करायची असतील तर २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. ती आली का, यावर लक्ष ठेवणे कायम कर्मचाऱ्यांना सोपे आहे. स्थायी समितीची विषयपत्रिका दर वेळी वाचण्याचे काम एका सभासदाला नेमून द्या. ठेक्याचा प्रस्ताव तिथे मंजुरीआधी दिसतो.

ठेकेदार म्हणतो, चेक घ्या आणि सही करा. किती रक्कम मिळायला हवी? घेतली तर हक्क जातो का?

वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. सेवा ८ वर्षे ७ महिने असेल तर ९ गुणिले १५ म्हणजे १३५ दिवस. रोज ८०० रुपये असेल तर १,०८,००० रुपये, शिवाय नोटीस पगार. पाच वर्षे झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. त्याच प्रकारच्या कामात सर्वांत शेवटी आलेल्याला आधी कमी करायचे, हा नियम आहे. तो मोडला तर कारण नोंदवावे लागते.

चेक घेताना पावतीवर ‘निषेध नोंदवून, हक्क राखून स्वीकारले’ असे स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढा. कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर किंवा ‘आता कोणतीही मागणी शिल्लक नाही’ अशा मजकुरावर सही करू नका. राजीनामा दिला की ती कपात उरतच नाही, आणि वर लिहिलेले बहुतेक हक्क त्या एका सहीने हातचे जातात.

सरळ संप का करू नये?

करता येतो, पण वाट अरुंद झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता (संप, कपात आणि कामगार-मालक वादांचा नवा केंद्रीय कायदा) लागू आहे. तिच्यानुसार संपाची नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही, आणि ती नोटीस ६० दिवसांपर्यंतच चालते. नोटीस गेल्यावर समेट अधिकाऱ्यांनी पहिली बैठक घेतली की समेट सुरू झाला असे धरतात. तो चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा अधिक लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. बेकायदा संपात उतरलेल्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शासन मेस्माही (अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करणारा राज्याचा कायदा) लावू शकते.

त्यामुळे नोटीस देण्याआधी चौकीनिहाय गुप्त मतदान घ्या आणि त्याचा निकाल कार्यवृत्तात नोंदवा. समेटाच्या प्रत्येक तारखेला लेखी म्हणणे द्या आणि त्या दिवसाच्या नोंदीची प्रत मागा. नोटिशीवर संपाची तारीख स्पष्ट लिहा, पोच घ्या आणि त्या तारखेआधी कोणत्याही चौकीवर काम थांबू देऊ नका. एका चौकीने उतावीळपणे झाडू टाकला तरी बेकायदेशीरपणाचा ठपका सगळ्या संघटनेवर ठेवला जातो.