वडिलांच्या वयाला पोहोचताना

प्रश्न : मी नऊ वर्षांचा असताना माझे वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्या वेळी ते ४१ वर्षांचे होते. मला शेजारी पाठवण्यात आले आणि मी परत आलो तेव्हा सारे आटोपले होते. आईला त्रास होऊ नये म्हणून पुढे घरात त्यांचा विषय कोणी काढला नाही. मी रडलो नाही. धाकट्या बहिणीला सांभाळले आणि ‘किती समजूतदार मुलगा’ हे कौतुक ऐकत मोठा झालो. आता मी चाळिशी पूर्ण केली आहे आणि माझा मुलगा लवकरच नऊ वर्षांचा होईल. वर्षभरात मी हृदयाच्या तपासण्या वारंवार करून घेतल्या. सर्व व्यवस्थित आहेत. तरीही पत्नीला घरी यायला अर्धा तास उशीर झाला की माझे हात कापू लागतात. इतक्या जुन्या दुःखाशी याचा संबंध असेल का, की मी मनाने दुबळा आहे?

उत्तर : संबंध असण्याची शक्यता बरीच आहे आणि त्यात दुबळेपणाचा प्रश्नच येत नाही. तुमच्या पत्रात दोन वये एकत्र आली आहेत : वडील गेले तेव्हाचे त्यांचे वय तुम्ही गाठत आहात आणि तेव्हाचे तुमचे वय तुमचा मुलगा गाठतो आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जोसेफिन हिलगार्ड यांनी १९५०च्या दशकातच असे रुग्ण नोंदवले होते, की ज्यांनी बालपणी आई किंवा वडील गमावले होते आणि ज्यांचे स्वतःचे मूल नेमके त्या वयाचे झाल्यावर त्यांना मोठा मानसिक त्रास सुरू झाला. बहुतेकांचा त्रास त्या टोकाला जात नाही. पण वडिलांचे आयुष्य जिथे थांबले तिथे आपलेही थांबेल, ही धास्ती लहानपणी पितृछत्र हरपलेल्या अनेकांच्या मनात असते आणि ती बोलून दाखवायला ते संकोचतात.

तपासण्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वडिलांना ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर मुलाच्या बाबतीत डॉक्टर त्याची जोखमीत गणना करतात, त्यामुळे तपासणी करून घेण्याचा तुमचा निर्णय योग्यच होता. पुढची तपासणी केव्हा, हे मात्र डॉक्टरांना ठरवू द्या. अहवाल चांगला आल्यावर मिळालेला दिलासा थोड्याच दिवसांत ओसरत असेल आणि पुन्हा तपासणीची ओढ लागत असेल, तर ती भीती रक्तदाबाच्या आकड्यांनी शमणारी नाही.

आता त्या नऊ वर्षांच्या मुलाविषयी. मृत्यू कायमचा असतो, गेलेला माणूस परत येत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमगू लागते. म्हणजे तुम्हाला ते कळत होते. लहान मुलांना खरा शोक करताच येत नाही, असे पूर्वी काही मनोविश्लेषक मानत असत. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी त्याला विरोध केला. मुलाला खरी माहिती वेळेवर मिळाली, प्रश्न विचारण्याची आणि घरच्यांच्या शोकात सहभागी होण्याची मुभा मिळाली आणि विश्वासाचे मोठे माणूस जवळ राहिले, तर मूलही शोक करू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. तुम्हाला शेजारी पाठवले गेले, पुढे विषयच बंद झाला आणि जे कौतुक वाट्याला आले ते न रडण्याचे होते. हे सारे मायेपोटी घडले, यात मला शंका नाही. तुमची आई स्वतः त्या वेळी कोसळण्याच्या बेतात असेल. पण समजूतदार मुलाला कोणी काही विचारत नाही, आणि तोच मुलगा पुढे कर्ता, जबाबदार पुरुष होतो तेव्हाही कोणी विचारत नाही.

लहानपणी पालक गमावणे म्हणजे पुढील आयुष्य बिघडणे, असा अर्थ मात्र काढू नका. लंडनमधील स्त्रियांच्या नैराश्याचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ मध्ये असे मांडले, की अकरा वर्षांच्या आत आई गमावलेल्या स्त्रिया पुढील संकटांत नैराश्याला अधिक लवकर बळी पडतात. त्यांच्या गटाच्या नंतरच्या कामातून दिसले, की मृत्यूनंतर त्या मुलीची काळजी कशी घेतली गेली, यावर पुष्कळ काही अवलंबून होते. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते, कारण जे नंतर राहून गेले त्यातले काही अजूनही करता येते.

आई हयात असेल तर तिच्याशी बोला. मृत्यूच्या दिवसापासून सुरुवात करू नका. वडील कशावर हसत, चिडले की काय करत, तुम्हाला काय म्हणून हाक मारत, हे विचारा. ती रडली तर घाबरून विषय बदलू नका. मुलालाही आजोबांविषयी सांगा, कसे गेले तेही सोप्या शब्दांत सांगा. पत्नीला तुमच्या थरथरीचे कारण कळू द्या. झोप, काम किंवा घरातले संबंध या भीतीने बिघडू लागले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना अवश्य भेटा आणि पहिल्याच भेटीत ही दोन्ही वये सांगा.

प्रश्न : मी दीड वर्षाची असताना आई गेली. मला ती मुळीच आठवत नाही. आजीने काही कमी पडू दिले नाही. पण माझी मुलगी झाल्यापासून मला आईसाठी रडू येते. जी आठवतच नाही तिचे दुःख कसे होईल? आणि हा आजीशी कृतघ्नपणा तर नाही ना?

उत्तर : मुळीच नाही. आठवण नसणे हाच तुमच्या दुःखाचा एक भाग आहे : इतरांना आई गमावल्याचे दुःख असते, तुम्हाला ती कधी ओळखताच आली नाही याचेही आहे. बाळाला कुशीत घेताना, आपल्यालाही कोणीतरी असेच घेतले होते, हे आज प्रथमच तुम्हाला अंगाने कळते आहे. दिवंगतांशी असलेले नाते तोडल्यावरच शोक संपतो, हा जुना समज १९९० च्या दशकात शोकाच्या अमेरिकी अभ्यासक फिलिस सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडून काढला. मुले गेलेल्या पालकाशी नाते टिकवतात आणि वयाबरोबर ते बदलतही जाते, असे त्यांना आढळले. आजीच्या मायेला त्याने धक्का लागत नाही. उलट, तुमच्या आईला सर्वांत जवळून पाहिलेली व्यक्ती बहुधा तीच असेल, म्हणून तिची आठवण शाबूत आहे तोवर तिला विचारून घ्या आणि ती सांगेल ते तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. प्रसूतीनंतरचे रडू दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज येत असेल किंवा बाळाकडेही मन लागत नसेल, तर ते केवळ आईच्या आठवणीचे समजू नका. डॉक्टरांना लगेच दाखवा, कारण प्रसूतीपश्चात नैराश्यावर चांगले उपचार होतात.