माळावरची माती, ज्वालामुखीची राख आणि चाऱ्याचा प्रश्न

शेतकरी आणि पशुपालक बंधू-भगिनींनो, ज्वालामुखीच्या राखेची माती जगात सर्वांत सुपीक असते, असं सांगणारा एक व्हिडिओ सध्या मोबाईलवर फिरतो आहे. त्यावरून बरेच प्रश्न आले. पुणे जिल्ह्यातल्या सुपे परिसरातल्या एका मेंढपाळ दादांनी विचारलं, "आपला सगळा मुलूख ज्वालामुखीतून झाला म्हणतात, मग दिवाळी सरली की आमचा माळ उघडा का पडतो?" मोरगावकडच्या एका ताईंनी विचारलं, "कऱ्हा नदीच्या काठाला पांढुरका थर आहे, ती राख आहे म्हणे. ट्रॉलीभर आणून रानात टाकली तर चालेल का?" आणि "ज्वालामुखीची खनिज पावडर" म्हणून विकायला आलेली पोती घ्यावीत का, हे तर अनेकांनी विचारलंय. या सगळ्यांचं मूळ एकच असल्यामुळे उत्तर एकत्र देतो.

आपला दख्खनचा मुलूख ज्वालामुखीतून झाला, हे खरं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थरावर थर थिजले आणि त्याचा काळा पाषाण झाला. म्हणजे आपल्याकडे जे पसरलं ते मुख्यतः वाहणारा लाव्हा. राख ही वेगळी वस्तू आहे. स्फोट होतो तेव्हा तप्त रस हवेत उडून त्याचा बारीक चुरा होतो आणि तो वाऱ्याने दूरवर जाऊन पडतो. हा चुरा म्हणजे काचेचे सूक्ष्म कण. काच लवकर झिजते, पाषाण झिजायला फार काळ लागतो. त्यामुळे दोन्हींतून होणाऱ्या मातीचा स्वभावच निराळा असतो.

राखेची मुरलेली माती हातात घेतली तर हलकी लागते. जागेवरची, न हलवलेली एक लिटर माती वाळवून तोलली तर बहुधा ९०० ग्रॅमच्या आत भरते. आपल्याकडची तेवढीच माती सव्वा ते दीड किलोपर्यंत जाते. राखेची माती ओली असताना बोटांत तुपकट लागते, पण आपल्या काळ्या मातीसारखी चिकटत नाही आणि वाळल्यावर तिला तशा भेगाही पडत नाहीत. भरपूर पाऊस असेल तिथे ती पाणी खूप धरते, सेंद्रिय कर्बही साठवते. व्हिडिओत जी हिरवीगार शेतं दाखवली आहेत ती अशा पावसाच्या प्रदेशातली आहेत. त्या मातीतही एक मोठी अडचण आहे. तिच्यातलं ॲल्युमिनियम आणि लोह स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट पकडून ठेवतं, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला स्फुरद टाकूनही पिकाला तो पुरता मिळत नाही.

कोरड्या उतारावर मात्र चित्र पार बदलतं, आणि आपल्या कामाचा भाग तोच आहे. पाऊस कमी असला की राखेतली काच नीट झिजत नाही. माती भुरभुरीत, पिठूळ राहते. पाणी धरण्याची ताकद निम्मीअर्धी येते. गवताचं आच्छादन गेलं की वारा ती उचलून नेतो, आणि कळप त्याच वाटेने वारंवार गेला तर खुरांनी वरचा थर मोडून उतारावरून खाली सरकतो. मुरलेली राखेची माती एकदा कडक सुकली तर तिची पाणी धरण्याची मूळची ताकद पुरती परत येत नाही.

याचं उत्तम उदाहरण टांझानियातलं सेरेंगेटीचं गवताळ पठार आहे. त्याच्या पूर्वेकडे केरिमासी आणि ओल डोइन्यो लेंगाई असे ज्वालामुखी आहेत. लेंगाई अजून जागा आहे, २००७-०८ मध्ये त्याचा मोठा उद्रेक झाला होता. त्यांची राख शतकानुशतकं वाऱ्याने पठारावर येऊन पडली. तिच्यात कॅल्शियम आणि सोडियम भरपूर आहे. पावसाने चुना विरघळून थोडा खाली जातो आणि तिथे त्याची फरशीसारखा कडक थर बनतो. झाडांची मुळं तो भेदू शकत नाहीत, म्हणून मैलोनमैल फक्त आखूड गवत आहे. हे गवत कॅल्शियम आणि स्फुरदाने इतकं कसदार असतं की विल्डबीस्ट या मोठ्या रानटी हरणांचे लाखोंचे कळप जानेवारी ते मार्च या काळात विण्यासाठी तिथेच येतात. पण पाऊस थांबला, पाणी आटलं, की तेच कळप पठार सोडून उत्तरेला जातात आणि गवताला विसावा मिळतो. जनावरं बाराही महिने तिथेच राहिली असती तर त्या राखेच्या कसाचा काही उपयोग झाला नसता. माझ्या मते सेरेंगेटीकडून आपल्या माळाने शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आता सुप्याच्या दादांच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या पाषाणापासून झालेली माती उतारावर टिकत नाही. बारीक चिकण भाग पाण्याबरोबर ओघळीत, तिथून ओढ्यात जातो आणि सखल भागात खोल काळी जमीन होते. वर उरतो वीतभर मुरूम, कुठे तेवढाही नाही. मुरमातून पाणी झिरपून जातं, धरून ठेवायला चिकण माती नसते. दिवाळीनंतर गवत वाळतं त्याचं कारण हे. खनिजांची तिथे टंचाई नाही, पालाश (पोटॅश) तर आपल्या बहुतेक जमिनींत पुरेसा असतो. कमतरता आहे मातीच्या खोलीची, सेंद्रिय कर्बाची आणि नत्राची (नायट्रोजनची). चुनखडी जास्त असेल तिथे स्फुरद चुन्यात अडकतो आणि जस्त, लोहही पिकाला मिळत नाही.

हे लक्षात घेतलं की पोत्यांचं उत्तर आपोआप मिळतं. त्यातली पावडर बहुतेक वेळा काळ्या पाषाणाचीच भुकटी असते. ज्या रानात पायाखाली तोच पाषाण आहे, तिथे तीच भुकटी विकत आणून टाकायची गरज नाही. त्या पैशांत शेणखत घ्या किंवा कुंपण दुरुस्त करा. चुलीची राखही चुनखडीच्या जमिनीत टाकू नका, आधीच चढलेला सामू (pH) आणखी चढेल. औष्णिक वीज केंद्राची राख ही कोळशाची असते, तिचा ज्वालामुखीशी संबंध नाही.

मोरगावच्या ताईंनी ऐकलेलं मात्र खरं आहे. कऱ्हेच्या काठी मोरगावजवळ आणि जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी इथे खरोखरच ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख आपल्याकडची नाही, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडून इथवर आलेली मानली जाते. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. आपल्याकडचा थर त्याच उद्रेकाचा की त्याहून जुन्या एखाद्या उद्रेकाचा, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. या थराच्या सोबतीने आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. ताई, ही राख खत म्हणून निरुपयोगी आहे. ती मुख्यतः सिलिकाची काच आहे, आपल्या कमी पावसात ती नीट झिजत नाही, म्हणून त्यातलं पालाश पिकाला पिढ्यान्‌पिढ्या सुटायचं नाही. उलट तो थर एकदा खणून नेला की कायमचा गेला. कोणी तिथे जेसीबी लावताना दिसलं तर तलाठ्यांना कळवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता माळावर करायचं काय? उतार उघडा पडला असेल, ओघळी पडल्या असतील, तिथे समपातळीत, म्हणजे उताराला आडवे, सलग चर काढावेत. साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चर पुरतो. चराची माती खालच्या बाजूला बांधासारखी लावा आणि पहिल्या पावसाआधी त्या भरावावर मारवेल गवताची ठोंबं किंवा स्टायलो या चारापिकाचं बी लावा. स्टायलोच्या बियाला कठीण कवच असतं. हात पोळेल इतक्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून मग पेरलं तर उगवण सुधारते. स्टायलो द्विदल असल्याने नत्रही धरते, आणि त्याचीच आपल्या मुरमाला गरज आहे. काम माथ्यापासून सुरू करा, खालून सुरू केलं तर वरचा लोंढा चर बुजवून टाकतो.

पण जिथे पवना, शेडा, मारवेल यांचं गवत अजून धरून आहे, तिथे चर खणू नका, खड्डे घेऊन दाट झाडंही लावू नका. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राहतो तो अशाच मोकळ्या माळामुळे. मोकळा माळ पडीक दिसतो म्हणून नांगर घालणं हे तर सर्वांत मोठं नुकसान आहे. वीतभर मातीवर एक-दोन वर्षं बाजरी येईल, नंतर मुरूम उघडा पडेल. बोटभर माती पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

चराईबद्दल मेंढपाळ मंडळींच्या मनात भीती आहे, ती मला समजते. चराईबंदी म्हटलं की मेंढरांचा वाडा हलवावा लागणार, असं वाटतं. पूर्ण माळ बंद करण्याची गरज नसते. गावकरी आणि मेंढपाळ यांनी बसून माळाचे तीन-चार तुकडे करावेत. दरवर्षी एक तुकडा पाऊस सुरू झाल्यापासून गवताचं बी गळेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चराईला बंद ठेवावा आणि बाकीचे आळीपाळीने चारावेत. पहिल्या पावसानंतर कोवळ्या फुटव्यावर लगेच मेंढरं सोडू नयेत, गवत वीतभर होऊ द्यावं. कुसळी गवत मात्र कुसळं धरण्याआधी, फुलोऱ्यात येतानाच कापून वाळवा. उशीर झाला तर कुसळं लोकरीत आणि तोंडात रुततात.

माती तपासायची असेल तर नमुना उन्हाळ्यात, चर काढण्याआधी घ्या. माथा, मध्य आणि पायथा यांचे नमुने वेगवेगळे ठेवा, एकत्र केले तर अहवालाचा उपयोग होत नाही. प्रयोगशाळेत सामू, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडीबरोबर जस्त आणि लोहही तपासायला सांगा. अहवाल आल्यावर तो घेऊन कृषी सहायकांकडे या. कोणत्या तुकड्यात कोणतं गवत लावायचं, ते आपण माळावर जाऊन ठरवू.