माळा रिकामा करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नवा फ्रिज घेतला आहे. जुना, एका दाराचा, अकरा वर्षांचा असला तरी चालू आहे. शिवाय एक मिक्सर आहे. कामाला येणाऱ्या ताईंना दोन्ही द्यायचा विचार आहे. आधी काय बघावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी त्यांना हवंय का ते विचारा, आणि 'नको' म्हणायला जागा ठेवून विचारा. ज्या घरातून पगार मिळतो तिथली वस्तू तोंडावर नाकारणं अवघड असतं. फ्रिजचा फोटो पाठवा, उंची-रुंदी सांगा, 'घरी विचारून सांगा' म्हणा. दहा बाय दहाच्या खोलीत फ्रिज मावला तरी त्याचं दार उघडायला जागा उरेलच असं नाही. आणि हो, दिवाळीच्या बोनसमध्ये हा फ्रिज धरू नका.

आता फ्रिजकडे. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. अलगद निघाली तर दाराचं रबर सैल झालंय. गारवा बाहेर जातो, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि वाढीव वीजबिल घेणाऱ्याच्या माथी बसतं. रबर बदलून मिळतं, बदलूनच द्या. पण गॅस दोनदा भरूनही फ्रिज पुन्हा गार होईनासा झाला असेल, तर गळती सापडलेलीच नाही. असा फ्रिज कुणाच्या गळ्यात घालू नये. तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. भंगारात गेला की कॉम्प्रेसर काढण्यासाठी नळी कापली जाते आणि उरलेला गॅस हवेत जातो.

न्यायच्या आदल्या दिवशी फ्रिज बंद करा, बर्फ वितळू द्या, मागच्या ट्रेमधलं पाणी ओता, आतून कोरडा पुसा. दार किलकिलं ठेवा, नाहीतर बुरशी धरते. टेम्पोत फ्रिज उभाच न्यावा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, आणि लगेच चालू केल्यास कॉम्प्रेसर जाऊ शकतो. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर निदान चार-पाच तास, जमल्यास रात्रभर उभा ठेवून मग बटण दाबायचं. टेम्पो आणि हमाली तुमच्याकडून.

मिक्सर सगळ्या भांड्यांसकट द्या, कारण एका कंपनीचं भांडं दुसऱ्याच्या मिक्सरवर सहसा बसत नाही. भांड्याखाली काळपट तेलकट पाणी येत असेल तर आतलं बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजलंय. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा मोटरला भांड्याशी जोडणारा कपलर गेलाय. तो स्वस्तात मिळतो. तळाचं लाल बटण कशासाठी, तेही घेणाऱ्याला दाखवा. जास्त भार पडून मिक्सर बंद पडला की ते आत दाबायचं असतं. हे ठाऊक नसल्याने चांगले मिक्सर दुरुस्तीला जातात.

प्रश्न : वडिलांच्या आजारपणातली व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची आणि हवेची गादी पडून आहे. विकावीशी वाटत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरायला देणारी केंद्रं असतात. एकाच कुटुंबाला देण्यापेक्षा तिथे द्या, वस्तू दहा घरी फिरेल. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लागतात का पाहा, पाय ठेवायच्या दोन्ही पट्ट्या शोधून जोडा. वॉकरच्या चारही पायांच्या रबरी टोप्या नव्या घाला. झिजलेली टोपी ओल्या फरशीवर सटकते आणि पडणाऱ्याचं खुब्याचं हाड मोडतं. हवेची गादी पंपाला जोडून रात्रभर फुगवून ठेवा, सकाळी मऊ पडली तर पंक्चर आहे. कमोड खुर्ची साबणाने धुऊन, मग जंतुनाशकाने पुसून उन्हात वाळवा. उरलेली औषधं मात्र सोबत देऊ नका.

प्रश्न : आजीच्या तीसेक साड्या आहेत. बोहारणीला द्याव्यात का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सरसकट नको, आधी निवडा. मऊ झालेल्या सुती साड्या गोधडीसाठी काढा. एका मोठ्या गोधडीला साधारण चार-पाच लागतात, धडक्या दोन बाहेरून आणि विरलेल्या आत. सिंथेटिक साडी आत घालू नका. ती सरकते, गोळा होते आणि घामही शोषत नाही. जरीच्या जुन्या साड्या कुणालाही देण्याआधी जाणकाराला दाखवा. खऱ्या जरीत चांदी असते, आणि जरी विकत घेणारे ती वजनावर घेतात. बोहारीण त्याच साडीवर स्टीलचं पातेलं देईल. मधल्या, नेसण्याजोग्या साड्या धुऊन, फॉल-ब्लाउजसकट गूंजसारख्या संस्थेच्या संकलन केंद्रात द्या. उरलेल्या बोहारणीला. तिच्याशी घासाघीस जरूर करा, पण ती त्या साड्या पुन्हा बाजारात विकून पोट भरते, हे धरून.

प्रश्न : घर बंद करतोय. गॅसची शेगडी आणि सिलिंडर शेजाऱ्यांना दिला तर चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेगडी तुमची, ती द्या. सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीचे असतात. ते एजन्सीत जमा करून जोडणी घेतानाच्या पावतीवरची अनामत परत घ्या. रबरी नळी शेगडीसोबत देऊ नका. तिच्यावर मुदत छापलेली असते, आणि ती पाच वर्षांची असते.