गुडघाभर दगडांची रांग आणि तिच्या टोकाची रास

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं उघडं, वाऱ्याचं माळरान आहे. तिथल्या प्रागैतिहासिक दगडी रांगांचा या सदरात मागे ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

प्रश्न : मुलाकडे प्लिमथला गेलो होतो, तेव्हा त्याने आम्हाला मेरिव्हेलला नेलं. स्टोनहेंजसारखं काहीतरी असेल म्हणून हौसेने गेलो, तर गवतात गुडघ्याएवढ्या दगडांच्या रांगा आणि त्यांना अंग घासणाऱ्या मेंढ्या! एवढ्यासाठी चिखल तुडवायचा?

तुमचं प्रामाणिक पत्र वाचून हसू आलं, कारण पहिल्यांदा गेलो तेव्हा माझीही हीच गत झाली होती. पण स्टोनहेंजशी तुलना करणं म्हणजे वेरूळच्या कैलासाशेजारी शिवेवरच्या म्हसोबाला उभं करण्यासारखं आहे. दोन्ही दगडच, पण कामं वेगळी.

मेरिव्हेलला साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या दोन जोडरांगा आहेत. उत्तरेकडची सुमारे १८० मीटर, दक्षिणेकडची सुमारे २६० मीटर. जोडरांग म्हणजे समोरासमोर दगडांच्या जोड्या आणि मधे एका माणसाला जाता येईल एवढी फट. दक्षिणेकडच्या रांगेतून चालताना साधारण मध्यावर तुमची वाट अडली असेल. तिथे दगडांचं एक लहान वर्तुळ आहे. ते एका थडग्याच्या राशीचं उरलेलं कडं. खरी गोष्ट तिथे आहे, आणि बहुतेक लोक ते ओलांडून पुढे जातात.

डार्टमूरवर अशा सत्तरहून अधिक रांगा नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ रांगांच्या एका टोकाला दगडांची रास असते, इंग्रजीत तिला केर्न म्हणतात. ते टोक बहुधा चढावरचं. राशीच्या पोटात अनेकदा चार उभ्या शिळा आणि वर झाकण अशी पेटी सापडते, मृतासाठी केलेली. डाउन टॉरजवळच्या रांगेत हे नातं फार स्पष्ट दिसतं. साडेतीनशे मीटरच्या आसपासची एकेरी रांग, लांबच्या टोकाला दगड ठेंगणे, आणि राशीकडे जावं तसे वाढत जाणारे. सर्वांत उंच दगड थडग्याच्या कड्याला खेटून उभा. रांगेला अशी दिशा आहे, आणि चढणारा सूर आहे.

याउलट स्टॉल मूरवरून निघणारी रांग पाहा. एका दगडी वर्तुळापासून निघून ती अर्म नदी ओलांडते आणि ग्रीन हिलवरच्या राशीपर्यंत जाते. लांबी सुमारे ३.३ किलोमीटर, जगातल्या अशा रांगांत सर्वांत लांब मानली जाणारी. कुठल्याही एका जागी उभं राहून ती पूर्ण दिसत नाही. जे उभं राहून दिसतच नाही ते चालण्यासाठीच असावं, असं माझं मत. पुरावा म्हणून नाही, मत म्हणून घ्या. काही अभ्यासक म्हणतात, रांगा एका दमात उभारल्या नसाव्यात. पिढ्यान् पिढ्या दगड वाढत गेले असावेत. मलाही ते पटतं. वारीच्या वाटेवर एखाद्या झाडाखाली दगड कसे जमत जातात, ते आपण पाहिलेलं असतं.

आणि दगड लहान का? कारण ग्रॅनाइटचे सुटे धोंडे तिथे माळावर नुसते विखुरलेले आहेत. खाण नको, छिन्नी नको. चार घरच्या माणसांनी काही दिवस खपलं की एक रांग उभी.

पुन्हा जाल तेव्हा दक्षिणेकडच्या रांगेपासून थोड्या अंतरावरची मोठी शिळापेटी शोधा. तिचं झाकण मधोमध कापलेलं आहे. १८६० च्या सुमारास कोणीतरी फाटकाचा खांब करायला बरोबर मधला तुकडा काढून नेला. हजारो वर्षं तगलेलं झाकण एका कुंपणापायी गेलं.

प्रश्न : या रांगा ताऱ्यांच्या दिशेने रोखलेल्या होत्या का? एका व्हिडिओत तसं ठामपणे सांगितलं होतं.

ठामपणे सांगणारा माणूस दिसला की मी थोडा मागे सरकून बसतो. मेरिव्हेलच्या रांगा कृत्तिकांच्या उगवतीकडे रोखल्या आहेत, असं मांडणारा माणूस मात्र साधासुधा नव्हता. तो नॉर्मन लॉकियर. सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा पाहून हेलियमचा शोध लावणाऱ्यांतला एक, आणि ‘नेचर’ या नियतकालिकाचा संस्थापक.

आपल्याकडे दर १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियमचा वाढदिवस साजरा होतो आणि १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने तिथूनच हेलियम पाहिला, असं सांगितलं जातं. तसं नाही. त्या ग्रहणाला गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन. लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता आणि त्याने ती रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. विजयदुर्गावर तो आला खरा, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्यानंतरच्या काळात त्याला दगडी स्मारकांचा नाद लागला आणि तो कोनमापक घेऊन डार्टमूर हिंडला.

त्याच्या मांडणीतली अडचण साधी आहे. आकाशात ठळक तारे पुष्कळ. पृथ्वीचा अक्ष फिरत्या भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे त्यांची उगवण्याची जागा शतकागणिक सरकते. काळ तुम्हीच निवडायचा आणि ताराही तुम्हीच, म्हटल्यावर कोणतीही रांग कोणत्या तरी ताऱ्याला लागणारच. शिवाय डार्टमूरच्या रांगा दशदिशांना तोंड करून आहेत, आणि काही तर मधेच वळतात. सूर्योदय-सूर्यास्ताशी एखादीचं नातं असेलही. सगळ्यांना मिळून लागू पडेल असा आकाशाचा नियम मात्र कोणाला काढता आलेला नाही.

प्रश्न : दगडाचं वय कसं काढतात? कार्बनची चाचणी तर जैविक वस्तूंचीच होते ना?

बरोबर. ग्रॅनाइट स्वतः सुमारे २८ कोटी वर्षांचा. तो कधी उभा केला, हे तो सांगत नाही. सांगतं ते भोवतालचं पीट. पाणथळ जागी अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे, गवताचे थर साचत जातात, त्या काळ्या मऊ मातीला पीट म्हणतात. ते जैविक असतं, म्हणून त्याचं वय निघतं.

कट हिल या सहाशे मीटर उंचीच्या दुर्गम टेकडीवर नऊ मोठ्या दगडांची रांग २००४ मध्ये लक्षात आली. सगळे दगड आडवे, पीटमध्ये रुतलेले. एका दगडाखालचं पीट इ.स.पू. साडेतीन हजारांच्या आसपासचं किंवा थोडं आधीचं निघालं आणि त्याच्या वरचं हजारेक वर्षांनी अलीकडचं. म्हणजे या दोन थरांच्या मधल्या काळात दगड तिथे आडवा होता. तोवर डार्टमूरच्या रांगा सरसकट कांस्ययुगाच्या सुरुवातीच्या, इ.स.पू. २००० च्या आगेमागच्या मानल्या जात. एका दगडाखालच्या चिमूटभर पीटने त्यांतली एक तरी रांग नवाश्मयुगात ढकलली. बाकीच्यांचं वय अजून बहुतेक शेजारच्या थडग्यांवरूनच ठरवतात.

प्रश्न : या राशींखाली कोण पुरलेलं असतं? राजे का? हाडं मिळतात का?

हाडं जवळजवळ मिळतच नाहीत. डार्टमूरची माती इतकी आम्ल आहे की न जाळलेलं हाड ती विरघळवून टाकते. त्यात बहुतेक राशी खजिन्याच्या आशेने कधीच फोडलेल्या. उघडलेल्या पेटीत एखादं गारगोटीचं पातं, एखादं खापर निघालं तरी नशीब.

म्हणून व्हाइटहॉर्स हिलची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. पीटच्या झिजत चाललेल्या कडेतून एका शिळापेटीची बाजू उघडी पडली होती. ती वाचवणं शक्य नाही असं दिसल्यावर २०११ मध्ये तिचं उत्खनन झालं. आत जे होतं ते पाणथळ पीटने हवेपासून झाकून ठेवलं होतं, त्यामुळे एरवी नाहीसं होणारं सगळं शिल्लक राहिलं होतं. जाळलेली हाडं अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली. विणलेली छोटी टोपली. नेटल नावाच्या खाजऱ्या वनस्पतीच्या धाग्यांचं कापड, कडेला वासराच्या कातड्याची नक्षी. गाईच्या केसांचं विणलेलं कडं आणि त्यात बसवलेले कथिलाचे बारीक खिळे. कातीव लाकडी कुड्या. आणि दोनशेहून अधिक मणी, त्यांत काही अंबरचे, म्हणजे बाल्टिक समुद्राकडून आलेले. हाडं पंधरा ते पंचवीस वयाच्या कोणाची तरी. काळ इ.स.पू. १७३० ते १६०० च्या दरम्यानचा.

राजा की राणी ते विचारू नका. पण सहाशे मीटर उंचीवरच्या माळावर दूरदेशीचं अंबर गळ्यात घालणारं कोणीतरी तरुण माणूस होतं, आणि त्याच्यासाठी कोणीतरी अस्वलाचं कातडं बाजूला काढलं होतं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते कथील. डार्टमूरच्या ओढ्यांत कथील मिळतं, तांब्यात ते मिसळलं की कांसं होतं. हा ओसाड माळ त्या काळी आडवाटेला नव्हता, हे त्या बारीक खिळ्यांवरून कळतं.

ओसाड तरी किती? तेव्हा हवा आजच्यापेक्षा उबदार होती. डार्टमूरभर गोल घरांची जोती आहेत, मेरिव्हेलच्या रांगांच्या शेजारीसुद्धा. शिवाय इ.स.पू. १५०० च्या सुमारास घातलेले मैलोन् मैल लांबीचे दगडी बांध आहेत, शेतं वाटून घेण्यासाठी घातलेले. बांधावरून भांडणंही झालीच असणार, त्याचा पुरावा मात्र पीटमध्ये राहत नाही.

प्रश्न : आम्ही नागपूरचे. जुनापाणीची शिळावर्तुळं पाहिली आहेत. बांधणारे लोक एकच होते का?

नाही. पण प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीच्या वर्तुळांबद्दल एकोणिसाव्या शतकात लिहिलं, तेव्हा दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्या पाहून त्याला युरोपातल्या खुणा आठवल्या. दक्षिणेत शोरापूरला मेडोज टेलरनेही तिथल्या थडग्यांची ब्रिटनमधल्यांशी तुलना केली होती.

दिसायला साम्य आहेच : धोंड्यांचं कडं, आत माती-दगडांची भर, खाली मृताच्या वस्तू. पण विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली, ढोबळमानाने इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीला घोडा पुरलेला सापडला, त्याच्या डोक्यावर तांब्याचा साज होता. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. डार्टमूरच्या रांगा उभारणाऱ्यांना लोखंड माहीतच नव्हतं. मधे निदान हजार वर्षांचं अंतर आहे, आणि मैलांचं तर विचारूच नका. मेलेल्या माणसाची जागा दगडाने आखावी, ही कल्पना माणसाला अनेक ठिकाणी वेगवेगळी सुचते, तिला सामायिक पूर्वज लागत नाही. एक फरक तुम्हीच पडताळून पाहा : जुनापाणीला वर्तुळं शेकड्यांनी आहेत, पण त्यांच्याकडे नेणारी दगडांची रांग नाही.

प्रश्न : आज दिसतात ते दगड मूळ जागीच आहेत का?

सगळे नाहीत. १८९० च्या दशकात सबाईन बेअरिंग-गूल्ड नावाचे पाद्री, रॉबर्ट बर्नार्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी डाउन टॉर, ड्रिझलकूम अशा ठिकाणी पडलेले दगड पुन्हा उभे केले. ड्रिझलकूमचा चार मीटरहून उंच दगड त्यांनीच उठवला. हेतू चांगला होता, आणि बहुतेक दगड जुन्या खड्ड्यांतच बसवले गेले. तरी दगडाचं तोंड कुठल्या बाजूला होतं यावर एखादा सिद्धांत रचण्याआधी, तो १८९४ मध्ये कोणी उभा केला नाही ना, एवढं तपासून घ्यावं.

प्रश्न : राशीवर आपणही एक दगड ठेवावा, अशी प्रथा आहे म्हणतात. ठेवू का?

नको. डोंगरवाटांवर खुणेसाठी रचलेल्या नव्या राशींवर ठेवतात, ती गोष्ट वेगळी. प्राचीन राशीला कायद्याचं संरक्षण असतं. तिच्यात दगड घालणं हे तिच्यातून दगड काढण्याइतकंच वाईट, कारण पुढच्या माणसाला जुना कुठला आणि तुमचा कुठला ते कळत नाही.

प्रश्न : मेमध्ये जाणार आहोत. कुठे आणि केव्हा जावं?

वेळ कमी असेल तर मेरिव्हेल. टॅविस्टॉक-प्रिन्सटाउन रस्त्यापासून थोडंसंच चालायचं आणि तिकीट नाही. चांगलं चालता येत असेल तर डाउन टॉर. कट हिल आणि व्हाइटहॉर्स हिल लष्कराच्या गोळीबार सरावाच्या हद्दीत येतात. सरावाच्या वेळा आधी पाहून ठेवा, आणि टेकड्यांवर लाल निशाण दिसलं तर मागे फिरा.

दुपारी बाराला जाऊ नका. उन्हात ते ठेंगणे दगड गवतात हरवतात, आणि तुम्हीही पहिल्या पत्रलेखकासारखे चिडून परत याल. मेमध्ये तिथे सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो. आठपर्यंत पोहोचा. ऊन आडवं झालं की प्रत्येक दगडाची लांब सावली पडते आणि रांग एकदम दिसू लागते. जाड जॅकेट न्या, धुकं उतरलं तर होकायंत्राशिवाय हिंडू नका, आणि मेंढ्यांना रांगेतून हाकलू नका. त्या तिथल्याच आहेत.