दुसऱ्या महायुद्धात इवो जिमासारख्या एवढ्याशा जपानी बेटासाठी अमेरिकेने इतके सैनिक का गमावले? २४,००० वैमानिकांचे प्राण त्या बेटामुळे वाचले हे खरे आहे का?

आधी अंतरे बघा. मारियाना बेटांपैकी सायपान, टिनियन, ग्वाम इथल्या अमेरिकी तळांपासून टोकियो सुमारे २,४०० किलोमीटर. इवो जिमा जवळपास मधोमध. बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे, त्यावर ना ओढा ना बंदर. पण मधल्या सपाट पठारावर जपान्यांच्या दोन धावपट्ट्या होत्या आणि तिसरीचे काम चालू होते. त्या टापूत अवजड बॉम्बफेकी विमान उतरवायला दुसरी जागाच नव्हती.

बी-२९ ही अमेरिकेची अवजड बॉम्बफेकी विमाने २४ नोव्हेंबर १९४४ पासून मारियाना बेटांवरून टोकियोवर जाऊ लागली. इवोवरचे रडार त्यांची चाहूल आधीच कळवत असे, म्हणून त्यांना वळसा घ्यावा लागे. वळसा घेतला की इंधन जास्त लागते, आणि तेवढे बॉम्ब कमी न्यावे लागतात. इवोवरून आलेल्या जपानी विमानांनी सायपानवर उभी असलेली बी-२९ही जाळली, पण जानेवारीनंतर हे हल्ले जवळपास थांबले होते.

१९ फेब्रुवारी १९४५ ला अमेरिकेचे मरीन सैनिक बेटावर उतरले. त्यांनी १० दिवसांचा नौदली तोफमारा मागितला होता, मिळाले ३ दिवस. किनाऱ्यावरची काळी ज्वालामुखी राख दाबली जात नाही: बूट घोट्यापर्यंत रुततात, चाके जागीच फिरतात, खणलेला खड्डा कडा ढासळून बुजतो. पोलादी जाळ्या अंथरल्यावरच वाहने हलली. बेटावरचे जपानी सेनापती जनरल कुरिबायाशींनी किनाऱ्यावर झुंज न देता सुमारे १८ किलोमीटर भुयारे खणून सैन्य आत ठेवले होते, त्यामुळे वरून केलेली बॉम्बफेक बरीचशी वाया गेली. सुमारे ६,८०० अमेरिकी मेले. २१,००० च्या आसपास जपानी सैन्यातले बहुतेक सगळे मारले गेले.

आता तुमचा आकडा. युद्ध संपेपर्यंत इवोवर बी-२९ २,२५१ वेळा उतरली. प्रत्येक विमानात ११ जण धरून गुणा: २४,७६१. हा निव्वळ गुणाकार आहे. त्यातली बरीच विमाने इंधन भरायला किंवा सरावासाठी उतरली होती, काही तर अनेकदा. इवो नसते तर ती सगळी समुद्रात पडली असती असे नाही, आणि पडलेल्यांतलेही काही जण पाणबुड्या व पाण्यावर उतरणारी विमाने वाचवत होतीच.

म्हणून बेट निरुपयोगी होते असे मात्र मी म्हणणार नाही. बी-२९ ची इंजिने तापून पेट घेत. अर्ध्या वाटेवर धावपट्टी आहे हे ठाऊक असले की राखीव इंधन कमी करून बॉम्ब वाढवता येतात. पहिले अडचणीतले बी-२९ ४ मार्चला उतरले, तेव्हा उत्तरेकडे लढाई चालूच होती.

बॉम्बफेकी विमानांच्या सोबतीला इवोवरून लढाऊ विमाने पाठवायची, हा हिशेब मात्र चुकला. पी-५१ ही लढाऊ विमाने ७ एप्रिलपासून इवोवरून जपानवर जाऊ लागली, पण मार्चपासूनच बी-२९ रात्री, कमी उंचीवरून आगी लावणारे बॉम्ब टाकू लागली होती आणि त्यांना सोबतीची फारशी गरज उरली नव्हती. शिवाय एकट्या वैमानिकाला समुद्रावरून १,२०० किलोमीटर वाट काढणे जमेना, म्हणून पुढे बी-२९ वाटाड्या लागे. १ जूनला वादळी ढगांत शिरून २७ पी-५१ एका दिवसात नष्ट झाली.

बेट घ्यायचे ठरवताना सर्वांत मोठे कारण याच सोबतीचे होते. हुकूम निघाला ३ ऑक्टोबर १९४४ ला. त्या दिवशी मारियानात एकही बी-२९ पोहोचलेले नव्हते.